मातीतले स्फुरद आणि रक्तातले स्फुरद

चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी कोणी शिकवावी लागत नाही. पिकाची मुळे धरली नाहीत की स्फुरद कमी पडले, हे तो पान पाहून सांगतो. २०१५ पासून तर केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना काढली आणि मातीत स्फुरद किती, हे कागदावर लिहून मिळू लागले. याच शेतकऱ्यांच्या जमिनी औद्योगिक विकास महामंडळाने संपादित केल्या, त्यांवर मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले आणि दुसऱ्या जिल्ह्यांतले, दुसऱ्या राज्यांतले शेतकऱ्यांचेच मुलगे तेथे कंत्राटावर राबू लागले. त्यांच्यापैकी एखादा अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात दाखल होतो, तेव्हा त्याच्या रक्तातील स्फुरद मात्र बहुधा कोणी मोजत नाही. मातीच्या वाट्याला जी तपासणी आली, ती माणसाच्या वाट्याला आलेली नाही.

विषय पक्षाच्या साप्ताहिकाच्या मानाने फार बारीक आहे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु कामगाराच्या आरोग्याचे मोठे प्रश्न अशाच बारीक फटींतून दिसतात.

स्फुरद रक्तात फॉस्फेटच्या रूपाने असते. प्रौढ माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तद्रवात त्याचे प्रमाण साधारणपणे अडीच ते साडेचार मिलिग्रॅम असावे लागते. ते एकच्या खाली गेले तर स्थिती गंभीर समजतात. शरीरातील बहुतेक स्फुरद हाडांत साठलेले असते, रक्तात असतो तो अगदी अल्प अंश. पण पेशीला काम करण्यासाठी लागणारी ऊर्जा ज्या रेणूत बांधलेली असते, तो रेणू फॉस्फेटवाचून घडत नाही. तांबड्या पेशींनी वाहून आणलेला प्राणवायू स्नायूंना सोडून देण्याचे कामही फॉस्फेट घटले की अडखळते. हृदय थकते, स्नायू लुळे पडतात आणि श्वासपटल हा आपला मुख्य श्वसनस्नायू ढिला होतो. श्वासोच्छ्वास यंत्रावर असलेल्या आठ रुग्णांना फॉस्फेट दिल्यावर त्यांच्या श्वासपटलाची ताकद वाढली, हे फ्रान्समधील डॉक्टरांनी १९८५ सालीच मोजून दाखविले होते. व्हेंटिलेटरवरून रुग्ण सुटत का नाही, याची कारणे शोधताना हे एक कारण तपासावयास नको काय?

ही कमतरता येते कशी, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे सामाजिक अंग उघड होते. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या शरीरातील स्फुरदाचा साठा आधीच रोडावलेला असतो, तरी रक्तातील आकडा पुष्कळदा ठीक दिसतो. अशा माणसाला एकाएकी साखर किंवा पूर्ण आहार मिळाला की शरीरात इन्सुलिन उसळते आणि रक्तातील उरलेसुरले फॉस्फेट पेशींत खेचले जाते. दोन-तीन दिवसांत पातळी कोसळते. म्हणजे दाखल होताना केलेली एकच तपासणी फसवी ठरू शकते. खरा धोका अन्न सुरू झाल्यानंतरचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काही जण पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले, तेव्हा जगाच्या हे प्रथम ध्यानात आले. ब्रिटनमधील २००६ च्या मार्गदर्शिकेने दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला जोखमीच्या गटात धरले आहे आणि अन्न अगदी थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवावे असे सांगितले आहे. (आपल्या कार्यकर्त्यांनी हे आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला दहा दिवस उपोषण केले. उपोषणाची परंपरा आपली आहे. ते सुटल्यावर आनंदाच्या भरात उपोषणकर्त्यासमोर भरले ताट ठेवण्याची चूक मात्र आपण करू नये.)

आता पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात या जोखमीचे धनी कोण, ते पाहा. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी येथील पत्र्याच्या खोल्यांत एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. पाळीच्या वेळा बदलत्या, खानावळीतील डाळ पाण्यासारखी आणि पगारातला मोठा हिस्सा गावाकडे जाणारा. कायम कामगाराच्या उपाहारगृहातील ताट आणि कंत्राटी कामगाराचे ताट यांत अंतर पडते, ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ओतशाळेत भट्टीसमोर उभे राहणे, थकवा मारण्यासाठी दारू, वेळेवर औषध न मिळालेला मधुमेह, अर्धवट सोडलेले क्षयाचे उपचार: रक्तातील फॉस्फेट घसरण्याची जी कारणे वैद्यकाच्या पुस्तकांत दिली आहेत, ती वाचताना या वस्त्यांचे वर्णन वाचतो आहोत असा भास होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर पाच स्त्रियांमागे सुमारे एक स्त्री उंचीच्या मानाने कमी वजनाची आहे. कारखान्यांत सुट्या भागांची जुळणी करणाऱ्या मुली याच स्त्रियांतून येतात. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचे दैनंदिन तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली! बारा तासांच्या श्रमाला पुरेल असे अन्न कोण देणार, याची चर्चा त्या निर्णयाच्या आसपास फारशी झाली नाही.

असा कामगार कोसळला की पहिली बाटली लागते ती बहुधा वस्तीतल्या दवाखान्यात. सलाइन लावल्याशिवाय रोग्यालाही उपचार झाल्यासारखे वाटत नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. सुदृढ माणसाला तिचे काही नाही. कित्येक आठवडे अर्धपोटी आणि दारूवर राहिलेल्याला अशा बाटल्या एकामागून एक लागल्या तर हीच साखर घातक ठरू शकते. पुढे पुणे-नाशिक रस्त्यावरच्या वाहनांच्या कोंडीतून तो मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. तेथे ‘इलेक्ट्रोलाइट्स’ तपासावयास सांगतात. त्यांत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड येतात. फॉस्फरस वेगळा लिहावा लागतो. तो लिहिला तर तपासणी महाग नाही, नेहमीच्या प्रयोगशाळेत होणारी आहे. पण लिहिण्यासाठी तो आधी आठवावा लागतो, आणि एकेका डॉक्टरामागे खाटांची रांग असली की जे छापील यादीत नाही ते आठवत नाही. दोष त्या डॉक्टराच्या माथी मारणे सोपे आहे, पण यादी कोण ठरवतो आणि माणसे किती नेमली जातात, हे प्रश्न त्याच्या हातातले नाहीत.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. फॉस्फेट कमी असलेले रुग्ण अधिक दगावतात हे दिसते. पण ते फॉस्फेटमुळे दगावतात की मुळातच अधिक आजारी असल्यामुळे, याचा पूर्ण निवाडा झालेला नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३३९ अतिदक्षता रुग्णांवरील प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. अन्न सुरू केल्यावर ज्यांचे फॉस्फेट घसरले होते, त्यांतील निम्म्यांचे उष्मांक काही दिवस आवरून धरले गेले. प्रयोगाच्या मुख्य निकषावर फरक पडला नाही. साठाव्या दिवशी जिवंत असलेल्यांचे प्रमाण मात्र या गटात अधिक होते. म्हणजे शास्त्राचा शेवटचा शब्द अजून यावयाचा आहे. तो येईपर्यंत मोजूच नये, असा अर्थ यातून काढणे मात्र अजब होय. नाडी मोजल्याने रोग बरा होत नाही. म्हणून कोणी नाडी पाहणे सोडलेले नाही.

या परिसराला सार्वजनिक आरोग्याचा वारसा नाही असेही नाही. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे सलाइनच्या बाटल्याही तेथे भरल्या गेल्या. रोग्याला लागणारी वस्तू सार्वजनिक मालकीत, परवडणाऱ्या किमतीत निर्माण व्हावी हा त्यामागचा विचार. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा कारखाना विक्रीस काढण्याचे ठरविले. कारखान्याच्या जमिनीवर सर्वांची नजर आधीपासून होतीच. शिरेतून देण्याच्या फॉस्फेटसारखे नफ्यात न बसणारे औषध करावयाचे कोणी, तर अशाच कारखान्याने, हा विचारही त्या जमिनीबरोबर मोडीत काढला जात आहे.

महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय साडेसातशे खाटांचे आहे आणि चिंचवडच्या मोहननगरला कामगार राज्य विम्याचे रुग्णालय आहे. विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली, ती कामगाराच्या वेतनातील कपातीवर चालते: जुलै २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. आजारपणात सत्तर टक्के वेतन मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कंत्राटदार बदलला, मध्ये खंड पडला, वर्गणी भरलीच गेली नाही, की हा हक्क हातातून निसटतो. मग घरी परतलेला अशक्त कामगार पंधरा दिवसांत पुन्हा पाळीवर जातो आणि महिनाभराने पुन्हा त्याच खाटेवर येतो.

मागण्या साध्या आहेत. महापालिकेच्या व विमा योजनेच्या रुग्णालयांत अतिदक्षता विभागाच्या छापील यादीत फॉस्फरस घालावा आणि अन्न सुरू केल्यापासून निदान तीन दिवस तो रोज मोजावा. आहारतज्ज्ञांची पदे कंत्राटावर न ठेवता कायम भरावी. वस्तीतील डॉक्टरांच्या सभा घेऊन सलाइन आणि उपासमार यांचा संबंध त्यांच्यापुढे मांडावा. हे काम आपल्या शाखा उद्यापासून करू शकतात. कारखान्याच्या उपाहारगृहात कायम आणि कंत्राटी हा भेद मोडून सर्वांना रोज दूध, डाळ, अंडे किंवा शेंगदाणे मिळावेत, ही मागणी पुढच्या वेतनकराराच्या मसुद्यात गेली पाहिजे. लिटरभर दुधात जवळजवळ एक ग्रॅम स्फुरद असते, हे मालकाच्या प्रतिनिधीला टेबलावर ऐकवावे. तो हसेल, मसुद्यातील कलम मात्र मागे घेऊ नये.