चाकांवरील संसार आणि शाळा

अमेरिकेत कित्येक ख्रिस्ती कुटुंबे चाकांवरील घरात राहून देशभर फिरतात व मुलांस स्वतःच शिकवितात. प्रार्थना, धडा व जेवण एकाच छपराखाली. हे ऐकून आम्हांस कौतुक वाटते. परंतु आमच्या कड्याच्या परिसरातूनही दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोड्यांचे संसार चाकांवर निघतातच! तेथे आईबाप पहाटेच फडात जातात, थोरली मुलगी धाकट्यास सांभाळते. मग शिकविणार कोण?

घर ही पहिली शाळा, हे आम्हांस मान्य आहे. लक्ष्मीबाई टिळक पतीच्या हाताखाली घरीच वाचावयास शिकल्या व पुढे ‘स्मृतिचित्रे’ त्यांच्या हातून झाली. पण त्या घरी शिकविणारा साक्षर होता. गृहशिक्षणास नुसती माया पुरत नाही. अक्षरज्ञान व फुरसतही लागते.

म्हणून कोपीत सायंप्रार्थना व सद्वर्तनाचे धडे आईबापांनी अवश्य द्यावेत. अक्षरांचा भार मात्र समाजाने उचलावा. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांस दिलेला शिक्षणाचा हक्क फडापर्यंत पोहोचावा, नाहीतर गावीच हंगामी वसतिगृहात त्यांची सोय व्हावी. आणि विद्यार्थिमित्रहो, हंगामाहून परतलेल्या सोबत्यास बाकावर जागा देऊन मागील धडे समजावणे, एवढे तरी आपल्या हाती खास आहे.