आधी पाय, मग चाकं

चाक हा माणसाचा पहिला मोठा शोध, असं आपल्याला शाळेत शिकवतात. असेल. पण चाक लागल्यानंतर दहाव्या मिनिटाला माणसाला दुसरा शोध लावावा लागला असणार, आणि तो म्हणजे चाकाखाली दगड लावण्याचा. त्या दुसऱ्या संशोधकाचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. पहिल्याचंही नाही म्हणा. पण पहिल्याचं निदान चित्र तरी असतं. दगडवाल्याची आठवण फक्त भाजीवाल्यांनी ठेवली आहे. हातगाडी उभी केली की तराजू काढण्याआधी ते चाकाखाली वीट सरकवतात. मी ज्या पक्षाचा आजीव सभासद झालो आहे, तो हा विटेचा पक्ष. चाकवाल्यांच्या विरुद्ध मला आज चार शब्द बोलायचे आहेत, आणि ते थोडे तिखट असतील.

झालं असं की, निवृत्त झाल्यावर मी एक टेबल-सॉ घेतला. ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : लोखंडी टेबल, त्याला मध्ये चीर, आणि चिरेतून वर डोकावणारं दहा इंची गोल दातेरी पातं. लाकूड जागेवर ठेवून करवत फिरवायची, हा शिरस्ता इथे उलटा. करवत जागेवर, लाकूड आपण ढकलायचं. नोकरीत असताना फायली अशाच पुढे ढकलत असल्यामुळे हे तंत्र मला लगेच जमलं.

प्रश्न आला तो यंत्र उभं कशावर करायचं, हा. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. घरात हे यंत्र चालवायचं म्हणजे एक तर भुसा राहील, नाही तर संसार. तेव्हा खाली जिन्याखालच्या कोनाड्यात ते ठेवायचं, रविवारी पार्किंगमध्ये आणायचं आणि दुपारी वामकुक्षीच्या आत पुन्हा कोंडायचं, अशा अटीवर सोसायटीनं परवानगी दिली. पंचवीस किलोचं धूड रोज उचलायचं माझं वय नाही. म्हणजे चाकांचा स्टँड हवा, हे ओघानंच आलं. आणि घात तिथेच झाला.

स्टँड घ्यायचा म्हटल्यावर सल्लागार जमले. भाचा म्हणाला, "मामा, एका झटक्यात मिटणारा घ्या." शेजारचे निवृत्त अभियंता म्हणाले, "चारही चाकं गरगर फिरणारी हवीत, ब्रेक असलेली. हॉस्पिटलच्या खाटेसारखी." सेक्रेटरी म्हणाले, "कसाही घ्या, पण मिटल्यावर दिसता कामा नये." आमची ही म्हणाली, "अहो, मिटल्यावर तरी काम थांबेल ना?" या सर्वांत एकानंही, उघडल्यावर हा उभा कसा राहतो, असं विचारलं नाही. मीही विचारलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

मग दुकान झालं. कुठलं ते सांगत नाही. पुण्यात हत्यारांची दुकानं पुष्कळ आहेत, आणि गल्ली सांगितली तरी लोक दुकान ओळखतात. तिथल्या पोरानं आम्हाला स्टँड उघडून दाखवला, मिटून दाखवला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. एका हातानं मिटला, पायानं मिटला. आम्ही लग्नातल्या जादूगारापुढे बसल्यासारखे "वा, वा" करत होतो. वीस मिनिटांत त्या स्टँडवर एक तसूभर लाकूड कापलं गेलं नाही. मला आज असं वाटतं की, छत्री मिटते कशी एवढंच बघून घेणारा माणूस भिजायच्याच लायकीचा असतो.

आम्ही अभियंत्यांच्या शब्दाखातर चार गरगरीत चाकांचा, ब्रेकवाला स्टँड घेतला. पहिला रविवार उत्तम गेला. दुसऱ्या रविवारी मी आठ बाय चारचा प्लायचा तक्ता लांबीत चिरायला घेतला. अठरा मिलिमीटरचा तसा तक्ता तीस किलोच्या आसपास भरतो. चारही ब्रेक पायानं दाबून घेतले होते. पण या ब्रेकांची एक गंमत आहे. काही ब्रेक चाकाला फिरू देत नाहीत, पण चाक ज्या खुंटीवर बसलेलं असतं तिला मोकळं सोडतात. म्हणजे चाक थांबलेलं, आणि स्टँड मात्र जागच्या जागी कंबर हलवतोय. शिवाय पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर भुसा पसरलेला. मी ढकलतोय लाकूड, आणि निघालंय सगळं बिऱ्हाडच! यंत्र तिरकं झालं, तक्ता आडवा वळला, पात्याच्या मागच्या दातांनी त्याला धरलं आणि माझ्याकडे परत पाठवलं. मी नशिबानं बाजूला उभा होतो. तक्त्याची चिरलेली पट्टी माझ्या पोटाशेजारून गेली आणि सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटला भेटली. सीट फाटली. स्कूटरची भरपाई मी दिली. पोट असतं तर कोणी दिली असती, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

यावर चाकवाले म्हणतात, "तुम्हाला यंत्र चालवता येत नाही." बरोबर आहे. मला येत नाही, म्हणूनच मला न हलणारा स्टँड हवा. तारेवरून चालणाऱ्या डोंबाऱ्यानं जमीन डुगडुगते अशी तक्रार करू नये, मी करणार.

आणि हा केवळ भित्र्याचा सूर नाही, यात गणित आहे. दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेतं असं धरलं, तर त्याच्या दाताचा वेग ताशी एकशे नव्वद किलोमीटर भरतो. एवढ्या वेगाच्या वस्तूशेजारी आपण हातानं लाकूड सरकवतो. आता स्टँडकडे बघा. यंत्र आणि स्टँड मिळून ४० किलो. टेबलाची उंची ९० सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या पायांत अंतर ६०, म्हणजे मध्यापासून पाय ३० वर. चाळीस गुणिले तीस भागिले नव्वद : १३ किलोचा जोर टेबलाच्या पातळीला पडला की हा गृहस्थ पुढे कलायला लागतो. त्यात तीस किलोचा तक्ता अर्ध्याहून जास्त पलीकडे गेला, त्याचा मध्य यंत्राच्या मध्यापासून ६० सेंटिमीटर पुढे पोचला, की तोच आकडा सव्वातीन किलोवर येतो. चार-पाच नारळांची पिशवी! आणि काप शेवटाला येतो तेव्हाच हातही पात्याच्या सर्वांत जवळ येतात. पायांतलं अंतर ६० ऐवजी ९० केलं, तर सव्वातीनाचे १५ किलो होतात. याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. पाय फाकून उभं राहणं लागतं. कबड्डी खेळणाऱ्या पोराला हे कळतं. स्टँड काढणाऱ्या शहाण्यांना हा फाकलेला पाय गाडीच्या डिकीत मावत नाही, म्हणून कळेनासा होतो.

"म्हणजे तुम्हाला चाकं नकोतच का?" असं अभियंत्यांनी मला जरा खवचटपणेच विचारलं. हवीत. मी काही विटेवर उभा राहून उपदेश करत नाही. पंढरीचा विठोबा विटेवर उभा आहे, त्याला कोणी चाकं लावली नाहीत. फिरायचं काम वारकऱ्यांकडे. आणि ज्या देवांना रथ आहे ते रथात वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशी बसतात, बाकी सारे दिवस देवळात घट्ट. माझं म्हणणं एवढंच. यंत्र आठवड्यातून दोनदा हलतं, आणि मधले तीन तास उभं असतं. निवड कुणाच्या सोयीनं करायची?

म्हणून दुसरा स्टँड घेताना मी दुकानातल्या पोराला मिटू दिलं नाही. म्हटलं, उघड, आणि बाजूला हो. टेबलाच्या चारही कडांना हात लावून ढकललं. दोन चाकं एका बाजूला असावीत, यंत्र कलतं केलं की जमिनीला टेकणारी, आणि उभं केलं की अधांतरी राहणारी. कापताना जमिनीला फक्त रबरी पाय लागले पाहिजेत. चार पायांपैकी एक खालीवर होणारा हवा. कारण तिवई कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही, पण चौरंग डुगडुगतो. तीन टोकांना पातळी शोधावी लागत नाही, चौथं आलं की भांडण सुरू. हे एकत्र कुटुंबाबद्दलही खरं आहे, पण तो विषय वेगळा. चाक मोठं हवं. उंबरठा चाकाच्या मध्यापेक्षा उंच असला, तर नुसतं आडवं ढकलून चाक त्यावर चढत नाही. त्यात तुमचा दोष नसतो. आणि तक्त्याला पलीकडे टेकू हवा, स्वतंत्र, नाही तर वरचा सगळा हिशेब पाण्यात. दुकानातला पोरगा शेवटी म्हणाला, "काका, एवढं कोणी बघत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे. मीही नव्हतो बघत."

इथे हा लेख संपला असता. पण गेल्या दिवाळीआधी आमच्या वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम निघालं. काम करणारे मिस्त्री मूळचे राजस्थानचे, पुण्यात पंधरा वर्षं काढलेले. मी कुतूहलानं वर गेलो. त्यांचा टेबल-सॉ म्हणजे रंगाच्या दोन डब्यांवर ठेवलेला प्लायचा तुकडा, त्याला चीर, आणि खालून उलटा ठोकलेला हातातला कटर. वर झाकण नाही. पात्यामागे जी पोलादी पट्टी लाकूड चिमटू देत नाही, ती नाही. बटण चालूच बांधून ठेवलेलं. मी बघत असताना डबा दोनदा सरकला. दुसऱ्यांदा मिस्त्रींनी तो पायानं थोपवला, हात न थांबवता.

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धी होती.

मी म्हटलं, "मिस्त्री, हे कधी?"

"सहा वर्षं झाली साहेब. डबा हलला."

"मग स्टँड का नाही करून घेत?"

ते हसले. म्हणाले, "पार्टी म्हणते, टाइम नको घालवू. रोज वेगळी साइट. स्टँड कोण उचलणार?"

बघा. चाकांची खरी गरज होती ती इथे. मला आठवड्यातून दोनदा पार्किंग गाठायचं होतं, त्यांना रोज नवं घर. पण रविवारच्या हौशी सुतारासाठी बाजारात बारा तऱ्हेचे स्टँड, आणि ज्याचं पोट त्या पात्यावर, त्याला रंगाचे डबे. जुन्या काळचा सुतार जमिनीवर बसून लाकूड पायाच्या तळव्यानं दाबून धरायचा. ते चाले, कारण करवतीचा वेग त्याच्याच हाताचा होता. आता पात्याला वीज मिळाली, आणि टेकू मात्र तो पायच राहिला.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थानं १९९९ साली असा टेबल-सॉ केला की कातडीचा स्पर्श होताच पात्यात अॅल्युमिनियमचा ठोकळा घुसतो आणि काही सहस्रांश सेकंदांत पातं थांबतं. प्रात्यक्षिकाला त्यानं आधी सॉसेज वापरलं, आणि पुढे स्वतःचं बोट. २००४ पासून ही यंत्रं विकली जात आहेत. थोर माणूस. पण आपल्याला तिथवर जायला वेळ आहे. रंगाचा डबा ते रबरी पाय हा पल्ला आधी गाठू.

त्याला शोध लागत नाही, एक ओळ लागते. फर्निचरचं एस्टिमेट मी पुष्कळ पाहिलं आहे. त्यात बिजागऱ्यांची कंपनी असते, सनमायकाचा नंबर असतो, ड्रॉवर आवाज न करता मिटावा म्हणून वेगळे पैसे असतात. आपण मजुरीत घासाघीस करतो आणि मिटणाऱ्या ड्रॉवरवर खूश होतो. त्या कागदावर, सगळ्यांच्या वर, आपणच लिहायचं : "झाकण, पट्टी आणि पायांचा स्टँड असलेलं यंत्र. त्याचे पैसे आमच्याकडून." सगळ्या खर्चात ती रक्कम शोधावी लागेल इतकी लहान असेल. आणि "टाइम नको घालवू" हे वाक्य त्या दिवसापुरतं तोंडातच ठेवायचं.

मी माझा स्टँड त्या कामापुरता वर नेऊन दिला. मिस्त्रींनी तो उघडला, मिटला नाही. चारही कडांना हात लावून ढकलून पाहिला. मग खाली वाकून चाकं अधांतरी आहेत ना, हे बोटानं फिरवून बघितलं. अर्ध्या बोटानं.

"चांगला आहे," म्हणाले. "उभा राहतो."

चाकवाल्यांनी आता काय बोलायचं ते बोलावं.