जुनी गाडी विकायची, पण खरं सांगून



आज विषय जरा वेगळा आहे. दारात उभी असलेली जुनी गाडी ठेवायची की विकायची, हा वाद आमच्या घरी दोन महिने चालू आहे. शाहूपुरीत आमच्या गल्लीतच अशा तीन-चार गाड्या आहेत, म्हणजे हा प्रश्न एकट्या आमचा नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. विकायची. पण घेणाऱ्याला तिचे सगळे दोष सांगून विकायची, मग पैसे कमी आले तरी चालतील.

आमची गाडी छोटी, पेट्रोलची, २०११ ची नोंदणी. २०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही ती सेकंडहँड घेतली. त्या ऑगस्टमध्ये काय झालं होतं ते कोल्हापूरकरणीला सांगायला नको. कुंभार गल्लीत पाणी शिरलेलं, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतील ही धास्ती सगळ्यांनाच होती. म्हणून आम्ही गालिचा उचलून वास घेतला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचे डाग आहेत का पाहिलं, स्टेपनीच्या खाचेत आणि सीटखालच्या बोल्टवर गंज आहे का ते तपासलं. गाडी चांगली निघाली आणि पाच वर्षं छान चालली. आता मात्र तिचा भरवसा राहिलेला नाही.

हिशोबाची वही माझ्याकडे असते. गेल्या चौदा महिन्यांत रेडिएटर आणि पंखा ११,२०० रुपये, क्लच १३,५००, अल्टरनेटर ८,३००, बॅटरी ४,९०० आणि दोनदा ओढून आणायचे ५,६००. एकूण ४३,५००. एवढं करूनही कूलंट कमी होतंच आहे. उद्यमनगरातला आमचा फिटर म्हणाला, "वहिनी, हेड उतरावं लागंल. गॅस्केट गेलंय असं वाटतंय. अठ्ठावीस हजार धरून चला." शिवाय नोंदणीला पंधरा वर्षं होतात, म्हणजे गाडी तपासून घेऊन नूतनीकरण करायचं. त्याची फीच ५,००० रुपये, वर पर्यावरण कर आणि विमा वेगळा.

आमचे हे म्हणतात, "आत्ताच तर एवढा खर्च केला, आता विकायची कशी?" ही गोष्ट घराघरात ऐकू येते. पण खर्च झालेले पैसे गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि विकली तरी नाहीत. ते बाजूला ठेवून एकच विचारायचं: ही गाडी आज आपल्याकडे नसती आणि कुणी तिच्या सगळ्या दुखण्यांसकट विकायला आणली असती, तर आपण घेतली असती का? आमच्या घरी सगळ्यांचं उत्तर "नाही" आलं.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गाडी कशासाठी लागते. रोजच्या बाजाराला मी चालत जाते. गाडी लागते ती सासूबाई-मामंजींना दवाखान्यात न्यायला आणि कुंभोजच्या बाहुबलीला जायला. गेल्या पौषात परत येताना हातकणंगल्याच्या पुढे काटा लाल झाला आणि बॉनेटमधून वाफ. सूर्यास्त डोक्यावर. दोघांचाही रात्रीभोजनाचा त्याग. मामंजींची साखरेची गोळी जेवणाशी बांधलेली. घरी पोचायला साडेआठ वाजले, आणि मामंजी काही घेईनात. त्या रात्री मी दर दोन तासांनी उठून त्यांच्या खोलीत डोकावत होते. ज्या कामासाठी गाडी ठेवायची, नेमक्या त्याच कामाला ती भरवशाची नसेल, तर ठेवून काय उपयोग? महिन्यातून चार वेळा भाड्याची गाडी केली तरी आम्हाला यापेक्षा स्वस्त पडतं.

ममत्व आहेच. पहिली गाडी, तिला हार घातलेला, मुलांनी मागच्या काचेवर चिकटवलेली चित्रं अजून आहेत. पण परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, तिच्यावरचं ममत्व, हे आपण पाठशाळेत शिकलोय ना?

आता खरी गोष्ट. ओळखीच्या एका एजंटाने गाडी पाहिली. तो म्हणाला, कूलंट भरून, इंजिन धुऊन, मीटर थोडा मागे घेऊन दिली तर एक लाख वीस हजार. दोष सांगितले तर पंच्याऐंशी. मधले पस्तीस हजार हे आपल्या गप्प बसण्याचे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी वजनं-मापं. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एक माल दाखवून दुसरा गळ्यात घालणं. आपली बरीच घरं व्यापारातली. तराजू खोटा धरू नये हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मीटर मागे घेणं म्हणजे दुसरं काय? तोही मापच आहे. आणि धुऊन चकचकीत केलेलं गळकं इंजिन हा प्रतिरूपक व्यवहारच. दुकानात पाळायचा नियम गाडी विकताना सुटत नाही.

यावर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली, "सगळेच असं करतात, घेणाऱ्याने बघून घ्यावं." घेणाऱ्याने बघावंच, आम्हीही बघितलं होतं. पण हेड गॅस्केट सीटबेल्ट ओढून दिसत नाही. ही गाडी घेणारा बहुधा एखादा तरुण असेल, कर्ज काढून पहिली गाडी घेणारा. तिच्यात त्याची बायको आणि तान्हं मूल बसेल.

दुसरी गोष्ट सासूबाई म्हणाल्या, आणि ती मला जास्त वजनदार वाटते. "खराब वस्तू दुसऱ्याला द्यायचीच कशाला? असू दे आपल्यातच." पण जी गाडी आपल्याला नकोशी, ती स्वतः हेड उतरवू शकणाऱ्या फिटरला किंवा गावातल्या गावात फिरवणाऱ्याला उपयोगाची असू शकते. त्याला सगळं माहीत असेल आणि किंमत त्या मानाने असेल, तर त्यात फसवणूक नाही. मात्र ब्रेक किंवा सांगाडाच गेला असेल, तर सांगूनही विकू नये असं माझं ठाम मत आहे. ती गाडी अधिकृत भंगार केंद्रात जावी. रस्त्यावरच्या परक्या माणसाला आपण दोष सांगितलेले नसतात.

आणि मैत्रिणींनो, कागद पूर्ण करा. फॉर्म २९ आणि ३० भरून विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. विमाही नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा. "तो करून घेईल" म्हणून सोडू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक धरला जाईल. त्या खटल्यातली गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलेलं. कित्येक घरांत गाडी बाईच्या नावावर असते आणि व्यवहार पुरुष करतात. सही करण्याआधी विचारा.

आमच्या घरी शेवटी ठरलं ते असं. एका कागदावर सगळे दोष लिहिलेत, चौदा महिन्यांची बिलं सोबत लावलीत, आणि किंमत पंच्याऐंशी हजार. आतापर्यंत दोघे बघून गेले. एकाने कागद वाचून नाही म्हटलं. दुसरा कागलचा आहे, भावाचं गॅरेज आहे म्हणाला, रविवारी भावाला घेऊन येतोय.

तुमच्याकडे हा प्रश्न आला तेव्हा काय केलंत? आणि घेणाऱ्याला दोष कोणी सांगितले, तुम्ही की कुणीच नाही? मोकळेपणाने लिहा.

जय जिनेंद्र.