संगणकाच्या घरात पार्टिशन घालताना



यावेळी एका भगिनीचं पत्र पुढे ठेवते. घरगुती मसाले करून विकतात त्या. लिहितात :

“ताई, आमचा संगणक आठ वर्षांचा. विंडोज १० ची देखभाल बंद झाली आणि नवी विंडोज या यंत्रावर चढत नाही म्हणे. नवा घेण्याची सध्या ऐपत नाही. मुलगा म्हणतो, लिनक्स घालू, फुकट आहे, अर्ध्या तासात होईल. पण त्यात माझा मसाल्यांचा हिशेब आहे, धाकटीच्या बारशापासूनचे फोटो आहेत आणि सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या आहेत. त्या आता नाहीत. शेजारचे म्हणतात, पार्टिशन चुकलं तर सगळं पुसलं जाईल. काय करू?”

बाई, तुमच्या मुलाचं खरं आहे आणि शेजाऱ्यांचंही खरं आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. धडधाकट यंत्र भंगारात घालण्यापेक्षा लिनक्स घालणं शहाणपणाचंच. फक्त घाई नको. बसवायला अर्धा तास पुरतो, पण तयारीला एक रविवार द्या.

पार्टिशन म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. एकाच खोलीत प्लायवूड घालून आपण स्वयंपाकघर वेगळं करतो, तसंच हे. डिस्क एकच, तिचे कप्पे पाडायचे. पण एक लक्षात ठेवा, सामानाने भरलेल्या खोलीत कुणी सुतार बोलावत नाही. आधी सामान हलवायचं.

पहिलं काम : सामान बाहेर काढा. बाहेरून जोडायची डिस्क आणा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाऊनलोड्स आणि डेस्कटॉपवर पसरलेलं सगळं तिच्यात उतरवा. ब्राऊझरमध्ये साठवलेले पासवर्डही घ्यायला विसरू नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेली जुनी पत्रं असतील तर ते फाँटही घ्या, नाहीतर लिनक्सवर ती पत्रं अगम्य अक्षरांत दिसतील. मग ती डिस्क दुसऱ्याच्या संगणकाला लावून पाहा. चार फोटो उघडा, हिशेब उघडा. सासूबाईंच्या ओव्या तर शेवटपर्यंत ऐका. नुसतं फाइलचं नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. ओव्यांची आणखी एक प्रत पेनड्राईव्हवर घालून माहेरी किंवा बहिणीकडे ठेवा.

दुसरं काम : आधी चव बघा. ‘लिनक्स मिंट’ नवख्यांना सोपी जाते. ती ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर घालून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. (त्या पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून ओव्यांचा पेनड्राईव्ह वेगळा!) आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर चालतो का, एक्सेलमधला हिशेब ‘लिब्रेऑफिस’मध्ये नीट उघडतो का, हे पाहा. हिशेबाचे काही प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालतात. तसं असेल तर विंडोज एका कप्प्यात राहू द्या. तिची जागा कमी करायची ती विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून. त्याआधी ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा आणि ‘बिटलॉकर’ चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर लिहून घ्या.

तिसरं काम : कागदावर वाटणी करा. विंडोज काढूनच टाकायची आणि डिस्क ५०० जीबीची, असं धरते. विंडोज तीच डिस्क ४६५ची दाखवते. दुकानदाराने फसवलेलं नाही हो! डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ने. लिनक्स बसवताना पुन्हा ५०० दिसतील. वाटणी अशी :

१. ईएफआय, ५१२ एमबी. हा उंबरठा. संगणक सुरू होताना इथूनच आत शिरतो. (विंडोज ठेवणार असाल तर हा कप्पा आधीच असतो. तोच वापरा, पुसू नका.)

२. रूट, ८० जीबी. याची खूण नुसती तिरपी रेघ. लिनक्स आणि तिचे प्रोग्रॅम इथे राहतात. मिंटचं २० जीबीत भागतं, पण प्रोग्रॅम वाढतात आणि ‘टाईमशिफ्ट’च्या नोंदीही बहुधा इथेच साठतात. हा कप्पा तुंबला तर शेजारी रिकामी जागा असूनही सहज उसनी घेता येत नाही. म्हणून इथे काटकसर नको.

३. होम, उरलेले सुमारे ४२० जीबी. फोटो, हिशेब, ओव्या, म्हणजे तुमचं सगळं इथे.

स्वॅपचा वेगळा कप्पा हवाच असं नाही. मिंट त्यासाठी रूटमध्येच एक फाइल करून घेते.

होम वेगळं का, ते सांगते. उद्या लिनक्स बिघडली किंवा पुन्हा नव्याने बसवायची झाली तर फक्त रूट पुसायचं. स्वयंपाकघराची फरशी बदलताना देवघर हलवावं लागत नाही, तसं. मात्र त्यावेळी होमसमोरची ‘फॉरमॅट’ची खूण काढलेली हवी आणि वापरणाऱ्याचं नाव तेच हवं.

बसवण्याच्या दिवशी पहिली गोष्ट, ती बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवा. म्हणजे चुकून तीच पुसली जायची भीती नाही. मग ‘इरेज डिस्क’ हा पर्याय सोडून ‘समथिंग एल्स’ निवडा आणि कागद पाहून कप्पे पाडा. आकडा एमबीत विचारला तर ८० जीबीसाठी ८०००० लिहा. शेवटचं बटण दाबण्याआधी मुलाला थांबवा आणि दोघांनी मिळून यादी मोठ्याने वाचा. तोवर मागे फिरता येतं, नंतर नाही.

आता शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. कप्पा वेगळा केला म्हणजे सामान सुरक्षित झालं, असं समजू नका. कपाटालाच आग लागली तर वरचा खण काय आणि खालचा काय! आठ वर्षांची डिस्क कधी मान टाकेल ते सांगता येत नाही. वेगळ्या होममुळे पुढची कामं सोपी होतात, पण ओव्या वाचतील त्या कपाटातल्या आणि बहिणीकडच्या प्रतीमुळेच. तेव्हा दर महिन्याला, किराणा भरता त्या दिवशी, नवे फोटो आणि हिशेब त्या डिस्कवर उतरवत चला.

आणि हो, वाटणीचा तो कागद फेकू नका. कप्प्यांची नावं आणि आकडे तारखेसह लिहून गॅसच्या पुस्तकात ठेवा. पुढच्या वेळी मुलगा घरी नसेल, तेव्हा तुमचं तुम्हालाच करता येईल.