फोर-टेनला झेपेल तेच सावज

अमेरिकेतल्या पक्षी-शिकाऱ्यांमध्ये अठ्ठावीस बोर आणि फोर-टेन या लहान बंदुकांचे वेड पुन्हा वाढले आहे. जाड नळीची बारा बोर बाजूला ठेवली की पक्ष्याला जास्त संधी मिळते, असे त्यामागचे समर्थन. मला ते पटत नाही. बारीक नळीमुळे निसटण्याची संधी वाढते, तशीच जखमी होऊन झुडपात तडफडत मरण्याचीही. ज्याला अशी बंदूक वापरायची आहे त्याने सावजही तिला झेपेल असेच निवडावे. शिकारच नको, असे आपल्याकडचे अनेक वाचक म्हणतील. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या पिढ्यांना तसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण जिथे कायदा शिकारीला परवानगी देतो, तिथे जीव कसा जातो हा प्रश्न उरतोच.

फोर-टेनमधून सुटलेला छर्रा बारा बोरच्या छर्ऱ्याइतक्याच जोराने लागतो. फरक पडतो तो संख्येत. फोर-टेनच्या अडीच इंची काडतुसात शिसे साधारण १४ ग्रॅम, म्हणजे सहा नंबरचे सुमारे ११० छर्रे. बारा बोरच्या ३२ ग्रॅममध्ये अडीचशे. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या, नळीतून ४० यार्डांवर, ३० इंची वर्तुळात त्यातले सत्तर टक्के पडतात असे धरले, तर एकीकडे ऐंशीच्या आत आणि दुसरीकडे पावणेदोनशे. ऐंशी छर्ऱ्यांच्या वर्तुळात मोठाल्या फटी राहतात. किलोभराहून जड फेझंट नर शिकाऱ्याकडे पाठ करून उडतो. त्याच्या आतड्यांत दोन छर्रे गेले तरी तो दूरवर जाऊन पडतो आणि कुत्र्यालाही सापडत नाही. याउलट बॉबव्हाइट लावा जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमचा, आणि कुत्र्याने रोखून धरला की पायाजवळून उठतो. वीस यार्डांच्या आत छर्ऱ्यांची दाटी पुरेशी असते. लावा, दाट झाडीतला वुडकॉक, ससा, खार ही या बंदुकीची खरी सावजे. बदक आणि हंस तर सोडूनच द्यावेत: पाणपक्ष्यांसाठी १९९१पासून अमेरिकेत शिशाला बंदी आहे, आणि हलक्या पोलादाचे छर्रे आकाराने मोठे घ्यावे लागत असल्याने या काडतुसात आणखी कमी मावतात.

स्कीट या नेमबाजीच्या खेळात फोर-टेनने कबुतरे टिपणारे नेमबाज आहेतच, असे कोणी म्हणेल. ती मातीची असतात, टप्पा एकवीस यार्डांच्या आसपासचा असतो आणि एक कपचा उडाला तरी गुण मिळतो. टंगस्टनच्या छर्ऱ्यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. शिशापेक्षा दीडपट घन असल्याने ते बारीक, म्हणून संख्येने अधिक घेता येतात, आणि बसलेल्या टर्कीच्या डोक्यावर नेम धरून मारताना ते खरोखर काम करतात. पण एकेका काडतुसाला कित्येक डॉलर पडतात, त्यामुळे सराव कोणी करत नाही. हीच बंदूक धक्का कमी म्हणून मुलांच्या हाती दिली जाते, हे मला सर्वांत खटकते. तिने उडता पक्षी टिपणे मोठ्यांनाही जड जाते. मुलाला द्यायचीच तर आधी फांदीवर स्थिर बसलेल्या खारीसाठी द्यावी. पक्ष्यांसाठी हलक्या काडतुसांची वीस बोर बरी.