एकच गाणे ३२४ वेळा

आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांच्या तक्रारी आता घरोघरी पाठ आहेत. ऊन, एका खोलीत आठ जणांचे बेडस्पेस, लांबणारा पगार, एजंटाने सांगितलेले काम एक आणि हातात पडलेले दुसरेच. या यादीत एक तक्रार मात्र कोणी धरत नाही, कारण ती सांगितली की समोरचा हसतो. ती गाण्याची.

शेंद्र्याला आमच्या हाताखाली दहावी झालेला एक मुलगा दुबईच्या एका मॉलमध्ये, कपड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. अर्धा नोव्हेंबर सरला की तिथे ख्रिसमसची गाणी लागतात, ती २५ डिसेंबरपर्यंत. अमिरातीत त्या दिवशी सरकारी सुट्टीसुद्धा नसते, पण मॉलमध्ये झाड उभे राहते, दिवे लागतात आणि गाणी वाजतात. गेल्या हिवाळ्यात त्याचा व्हॉइस मेसेज आला, "मॅडम, नींद में भी वोइच बजरा." घरी सांगितले तर मामू म्हणाले, "गाना सुनने के पैसे मिलरे, और क्या होना?"

आम्ही भाषा शिकवतो, गणित नाही, तरी हा हिशेब मांडून पाहिला. त्याच्या दुकानाच्या यादीत वीसेक गाणी आहेत. प्रत्येक तीन मिनिटांचे धरले तर तासाभरात यादी संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ड्युटी नऊ तासांची, म्हणजे प्रत्येक गाणे दिवसाला नऊ वेळा. आठवड्याला एक सुट्टी वजा जाता सहा आठवड्यांचे ३६ दिवस. एकच गाणे ३२४ वेळा. खरेदीला आलेले कुटुंब त्यातली दहा-बारा गाणी ऐकून पिशव्या घेऊन निघून जाते. त्यांना ती गोडच वाटतात.

वाजवणाऱ्याचे डोळे त्या कुटुंबावर असतात. रोनाल्ड मिलिमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८२ साली एका सुपरमार्केटमधला प्रयोग छापला. संथ चालीचे संगीत लावले की गिऱ्हाईक हळू चालतात आणि विक्री वाढते, असे त्यात दिसले. बाजाराने हे तेव्हापासून पक्के धरले. काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाचा विचार त्या हिशेबात कुठेच नव्हता.

या मुलाच्या अम्मींना वेगळीच काळजी. त्यांनी आम्हाला विचारले, "वो गाने कान पे पड़े तो गुनाह तो नहीं ना?" मसला आलिमांना विचारावा, आम्ही तो सांगणार नाही. भाषेपुरते मात्र सांगता येते. मराठीत ‘ऐकू येणे’ वेगळे आणि ‘ऐकणे’ वेगळे. उर्दूत ‘सुनाई देना’ आणि ‘सुनना’. अरबीत ‘समाअ’ आणि ‘इस्तिमाअ’. तिन्ही भाषांनी हा फरक जपला आहे. मुलाला ऐकू येते. तो ऐकत नाही, आणि ऐकायचे थांबवूही शकत नाही.

शिवाय ही गाणी म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असेही समजू नये. ‘जिंगल बेल्स’ हे १८५७ सालचे गाणे जेम्स पियरपाँट यांचे. बर्फावरून घोड्याची गाडी पळवण्याची मजा एवढाच त्याचा विषय, ख्रिसमसचे नावही त्यात नाही. ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारे अर्विंग बर्लिन रशियात जन्मलेल्या यहुदी घरातले. बिंग क्रॉस्बी यांच्या आवाजातली त्याची १९४२ ची रेकॉर्ड जगात सर्वाधिक खपलेल्यांत मोजतात. ‘लास्ट ख्रिसमस’ १९८४ चे आणि मराया कॅरीचे जे गाणे आता दरवर्षी हमखास वाजते ते १९९४ चे; दोन्ही प्रेमाची गाणी. हजरत ईसा आणि बीबी मरयम यांच्याबद्दल आपल्याला जो अदब आहे, त्याचा आणि या यादीचा फारसा संबंध नाही. हा सारा विक्रीचा सरंजाम आहे.

डोक्यात घर करून बसणाऱ्या चालीला जर्मन लोक ‘कानातला किडा’ म्हणतात. आम्हाला हा शब्द फार आवडला. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ साली दाखवले की च्युइंगम चघळत राहिले तर हा किडा थोडा कमी वळवळतो. आम्ही मोठ्या हौसेने हे त्या मुलाला कळवले. तो म्हणाला, "मॅडम, ड्युटी पे चबाये तो फाइन लगता."

शेंद्र्यात राहून हे लिहिताना कारखान्यांची आठवण होणारच. आमच्या पालकांपैकी कितीतरी जण एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतात. प्रेसशॉपमध्ये दिवसभर धडाधड आवाज. पण तिथे निदान मोजमाप आहे. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा, कानात घालायचे प्लग, आणि आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने नोंदवण्याजोगा आजार. त्याची अंमलबजावणी कुठे कशी होते हा प्रश्न आहेच, पण कागदावर नाव तरी आहे. दुकानातले गाणे ९० डेसिबलच्या जवळपासही जात नाही. त्याने कान फुटत नाही. तेच ते आल्याने माणूस विटतो, आणि तोचतोचपणा कुठलाही मीटर मोजत नाही. म्हणून मामू हसू शकतात.

या मुलाने नोकरी सोडायची म्हटली होती. व्हिसासाठी काढलेले कर्ज निम्मे फिटले आहे, बहिणीचा निकाह ठरायचा आहे. आम्ही ‘सब्र कर’ एवढे म्हणून थांबलो नाही. फ्लोअर इन्चार्जला जाऊन सांग, म्हटले, की दोन तास काउंटरवर तर एक तास स्टॉकरूममध्ये अशी आलटूनपालटून ड्युटी द्या. सहा जणांनी मिळून सांगा, एकट्याने सांगू नको. सहा नाही, चौघेच गेले. स्टॉकरूम मिळाली, यादी मात्र बदलली नाही, ती म्हणे हेड ऑफिसहून येते. तो अजून तिथेच आहे.

आता जरा आपल्या बाजारात या. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक. चपलांच्या दुकानावर एक कव्वाली, शेजारी अत्तराच्या गाड्यावर एक नात, समोर ‘सेल सेल’ची रेकॉर्ड, आणि प्रत्येकाची यादी चार-पाच गाण्यांची. दुबईच्या यादीत निदान वीस तरी होती! ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा उघड्यावर लावायला बंदी आहे. सणासुदीला सरकारने खास सूट दिली तरी ती बारापर्यंतच. हजरत लुकमान यांनी मुलाला आवाज खाली ठेवायची नसीहत केल्याचे आपण मुलांना शिकवतो. मग नात आहे म्हणून कर्ण्याचा आवाज कोणी कमी करायला सांगायचा नाही, हे आम्हाला पटत नाही. सांगायचे तर गिऱ्हाइकाने सांगावे. दुकानदार गिऱ्हाइकाचे ऐकतो, नोकराचे नाही.

मागच्या ईदच्या आधी आम्ही बांगड्या घ्यायला थांबलो होतो. कर्णा बरोबर डोक्यावर. काउंटरवरच्या मुलीला माप दोनदा सांगितले, तिला कळेना. तिसऱ्यांदा ती पुढे वाकली, ओशाळून हसली आणि स्कार्फखाली बोट घालून कानातला कापसाचा बोळा काढला. म्हणाली, "सुबह दस से एकीच चलरा, बाजी." माप घेतले, बांगड्या चढवून पाहिल्या, पैसे घेतले आणि बोळा पुन्हा आत सारला. स्कार्फमुळे मालकाला तो दिसत नव्हता.