रोमिंगची जकात कोण उठवणार?

मानकोली नाक्याभोवती गोदामांचे जे अफाट नगर पसरले आहे, त्याच्या वाढीत मुंबईच्या जकातीचा मोठा वाटा होता. माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि मागणी येईल तेवढ्याचीच जकात भरून तो आत न्यायचा, हे व्यापाऱ्यांचे साधे गणित. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ती जकात गेली. त्याच सुमारास आणखी एक जकात उठली. तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मानकोलीहून माल घेऊन निघालेल्या ट्रकचालकाला राज्याची सीमा ओलांडताच घरून आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ साली या शुल्काची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली. पुढे नव्या कंपनीच्या स्पर्धेपुढे २०१७ पर्यंत प्रस्थापितांनी ते शुल्कच सोडून दिले. याचे श्रेय स्पर्धेला द्यावे लागेल. समाजवाद्यांनी ते नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु हीच स्पर्धा समुद्रापलीकडे पांगळी ठरते. ठाणे-कोकणच्या पट्ट्यातून आखातात गेलेल्या चालकाचा वा वायरमनचा भारतीय फोन तेथील जाळ्यावर चालतो, तेव्हा तेथील कंपनी येथील कंपनीकडून घाऊक दर घेते आणि येथील कंपनी त्यावर आपला नफा चढवते. या सौद्यात पैसे भरणारा मजूर कोठेच नसतो. पॅक आधी घेतला नसेल, तर काही मिनिटांच्या बोलण्यात आणि नकळत चालू राहिलेल्या इंटरनेटमध्ये शिल्लक संपते.

यावर सुखवस्तू माणसाचा सल्ला तयार असतो: विमानात बसण्यापूर्वी डेटा रोमिंग बंद करा, उतरल्यावर स्थानिक सिम घ्या, वाय-फायवरून बोला. सल्ला खोटा नाही. प्रत्येक जाणाऱ्याने तो पाळावाच. पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यास वर्षानुवर्षे मज्जाव राहिला आहे. नव्या कामगाराचे ओळखपत्र हाती पडायला वेळ लागतो, आणि पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल तर साधे सिमही दुरापास्त होते. शिवाय गावच्या बँकेचा ओटीपी जुन्याच क्रमांकावर येतो. म्हणून दोन्ही सिम जिवंत ठेवण्याचा खर्च त्याच्याच माथी. अमिराती, सौदी, कतार व ओमानच्या क्रमांकांवरून अनिवासी खात्यांना यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ मध्ये मिळाली, हे चांगलेच झाले. मात्र ज्याने साधे बचत खाते बदलून घेतलेले नाही, त्याला तिचा उपयोग नाही.

मग उपाय काय? तो जगाने करून दाखवला आहे. युरोपीय संघाने २००७ साली कायद्याने रोमिंगवर कमाल दर लादला, तोही केवळ ग्राहकाच्या बिलावर नव्हे, तर कंपन्यांमधील घाऊक दरावरही. १५ जून २०१७ पासून तेथील जादा शुल्क संपले; २०२२ मध्ये ती व्यवस्था आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. युरोपातील कंपन्या त्यामुळे बुडाल्या नाहीत. खुद्द आखाती सहकार्य परिषदेच्या देशांनीही एप्रिल २०१६ पासून आपापसांतील दर उतरवले. म्हणजे कुवेतचा व्यापारी रियाधमधून स्वस्तात बोलतो आणि त्याच्या दुकानाची तारजोडणी करणारा भिवंडीकर आपल्या क्रमांकावरून महागात!

येथे एकट्या भारतीय नियामकाचे हात तोकडे पडतात, कारण परक्या कंपनीच्या घाऊक दरावर त्याचा अधिकार चालत नाही. हा विषय दोन सरकारांमधील कराराचा आहे. सार्क देशांच्या नेत्यांनी २०१४ साली काठमांडूच्या जाहीरनाम्यात फोनचे दर उतरवण्याची भाषा केली. पुढे काय झाले, ते सर्वांसमोर आहे. अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून अमलात आला. त्यात सोन्यावरील जकातीच्या सवलतीचा टक्क्या-टक्क्याने हिशेब झाला. मजुराच्या फोनच्या दराला मात्र कमाल मर्यादा पडली नाही. आखातातून दरवर्षी येणाऱ्या परकीय चलनाचे कौतुक करणाऱ्या सरकारला हे अवघड वाटावे, हे नवल आहे.

कामगार संघटनांनी ही मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे: आखाती देशांशी होणाऱ्या प्रत्येक मनुष्यबळ करारात रोमिंगच्या घाऊक दराची कमाल मर्यादा हे कलम असावे, आणि ते होईपर्यंत परदेशी जाणाऱ्या कामगाराच्या सिमवर त्याने स्वतः मागितल्याखेरीज डेटा रोमिंग सुरू होऊ नये. यांतील दुसरी गोष्ट करायला कोणत्याही परक्या सरकारची परवानगी लागत नाही.